एका शर्टातल्या सात जणी

पडद्यावर माझी आई होती आणि खोलीतले सगळे हसत होते.

माऊस माझ्याच हातात होता. मीच ते पान खाली सरकवलं होतं, मीच आईला त्यांच्या पुढ्यात आणलं होतं. आणि आता ती तिथं अडकली होती. वर घेता येत नव्हतं, कारण साहेब म्हणत होते, "थांब, थांब, तिथंच ठेव."

हसायचं कारण नीट सांगते. मी चिंचवडला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायच्या कामाला होते. चाकणच्या एका कारखान्याचं काम आलं होतं. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली होती, म्हणून त्यांना त्यांच्या साइटवर एक नवं पान हवं होतं. पानाचं नाव 'आपला परिवार'. त्यात कारखान्यातल्या प्रत्येकाचा फोटो, खाली नाव. ते पान मी केलं होतं. कारखान्याचे एचआरचे साहेब ते बघायला आमच्या ऑफिसात आले होते, आणि माझं पान मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर फुटलं.

फुटलं म्हणजे असं. फोटोंच्या मागे फिकट पिवळी चौकट हवी होती. ती आक्रसून वरती एक बारीक रेघ होऊन बसली होती. आणि पानाच्या तळाला जो काळा पट्टा असतो, पत्त्याचा, तो वर सरकून सगळ्या फोटोंच्या मागे पसरला होता. काळ्यावर माणसांचे चेहरे. ओळीनं. चौकाचौकात फ्लेक्स लागतात ना, तसं.

साहेब म्हणाले, "अहो, हे काय, भावपूर्ण श्रद्धांजली? आम्ही अजून जिवंत आहोत."

सगळे हसले. मीही ओठ ताणले. चूक माझीच होती, ती मी नाकारत नाही. घाईत एक ओळ राहून गेली होती. पण आमचे लीड सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करायचे ते, माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाले, "बेसिक पक्कं लागतं हो. नुसत्या सवलतीवर इथवर आलं की असं होतं."

कसली सवलत? खाजगी कंपनी. चाचणी घेऊन घेतलेलं, तीन महिने फुकट राबवून मग कायम केलेलं. कुणी मला काही सोडलं नव्हतं. पण लागल्या लागल्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, आडनाव काय. मग मूळ गाव कुठलं. मग काळेवाडीत नेमकं कुठं. आणि मग अगदी गोड आवाजात, "तुमच्याकडे मोठा सण कोणता असतो गं?" त्या चौथ्या प्रश्नाला त्यांना पाहिजे ते मिळालं. तेव्हापासून माझी चूक ही माझ्या एकटीची चूक राहिली नाही.

"खाली घे," साहेब म्हणाले. मी घेतलं.

शेवटची ओळ आली. एका ओळीत आठ फोटो मावायचे. शेवटच्या ओळीत सातच होते. सात बायका. आठव्या रिकाम्या जागेत कारखान्याचा पत्ता घुसून बसला होता, एकाखाली एक शब्द. त्या सातांमधली दुसरी माझी आई.

साहेब पुढे वाकले. चष्मा वर केला. "ह्यांच्या खिशावर काय लिहिलंय? सुरेश. हिच्याही सुरेश. अरेच्चा, सगळ्याच सुरेश!"

लीड सर म्हणाले, "सुरेशरावांनी सात केल्या वाटतं."

साहेब टेबलावर हात मारून म्हणाले, "सात वार, सात जणी. सुरेशची मजा आहे."

मग जो हशा झाला तो माझ्या कानात अजून आहे. माझ्याच वयाची एक मुलगी होती आमच्यात, तीही तोंडावर ओढणी धरून हसली. आणि माझं डोकं, माझं स्वतःचं डोकं, त्यानं काय करावं? आई दुसरी. म्हणजे तिचा वार कुठला, हे ते आपोआप मोजून मोकळं झालं. त्याची लाज मला अजून वाटते. त्यांची वाटायला पाहिजे, पण वाटते माझी.

मी माऊसची वायर सरळ करत बसले.

हसून झाल्यावर साहेबांचा चेहरा बदलला. "पण ह्यांना घेतलं कुणी यात? ह्या कॉन्ट्रॅक्टच्या बायका आहेत. मालक त्या दिवशी मशीनशॉपमध्ये फिरत होते, त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार, म्हणून काढले फोटो. साइटवर टाकायला नाही काढले. उद्या ह्या कोर्टात उभ्या राहतील. म्हणतील, बघा, आम्ही ह्यांच्याच परिवारातल्या, कंपनीनंच लिहिलंय. घ्या मग कायम करून."

"सोपं आहे," लीड सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "चौकटीला हाइट फिक्स कर. वरून ओव्हरफ्लो हिडन. काळं पण जाईल आणि खालची ओळ पण कापली जाईल. एका दगडात दोन पक्षी."

"आणि त्यांनी विचारलं तर?" साहेब म्हणाले.

"सांगा टाकलाय म्हणून. खोटं नाही. फोटो कोडमध्ये असतीलच. दिसणार नाहीत, एवढंच."

साहेबांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कार्यक्रम होता, त्याच्या आत पान चढवायचं ठरलं. चहा आला. मी पडदा बंद केला तेव्हा आई एकदम गेली आणि तिथं नुसता निळा उजेड राहिला.

आता तो शर्ट.

आई त्या कारखान्यात बारा वर्षं अॅल्युमिनियमच्या पार्टांच्या कडा कानशीनं घासत होती. साच्यातून पार्ट निघाला की त्याच्या कडेला धारदार पत्रा राहतो, तो घासून काढायचा. दिवसभर. नखांत काळं जातं ते कशानंच निघत नाही, साबणानं नाही, लिंबानं नाही. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या आयांची नखं काळीच असतात. बारा वर्षांत ठेकेदार बदलले, गेटचा लाल पास बदलला, आई त्याच स्टुलावर. कायम माणसांना कंपनीचा निळा शर्ट मिळतो, खिशावर नाव शिवलेलं. ठेक्यावरच्या बायकांना शर्ट नाही. साडीवर ॲप्रन.

फोटो काढायचा दिवस आला तेव्हा फोटोवाला म्हणाला, परिवार आहे तर सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. तेव्हा डिस्पॅचमधल्या, म्हणजे माल पाठवायच्या खात्यातल्या, एका माणसानं अंगातला शर्ट काढून दिला. तो सुरेश.

"भला माणूस," आई मला त्या संध्याकाळी सांगत होती. "बनियनवर बसला बिचारा खोक्यावर, समद्या जणींचं हुईस्तोवर. एकीनं काढला की दुसरीनं घालायचा. साडीवरूनच. ढगळा लई, म्हणून पाठीमागून वाळवणाचा चिमटा लावला. माझा लंबर दुसरा, तवर लई घामेजला नव्हता. शेवटलीच्या टायमाला पार वल्ला झाला हुता." आणि ती हसली. अशी हसली की जणू लग्नातली गंमत सांगते आहे.

आई मराठवाड्याची. इतकी वर्षं काळेवाडीत राहून तिची बोली तशीच आहे. बाप गेल्यावर मला घेऊन एकटीच इकडं आली. कारखान्याचं काम आमच्या ऑफिसात आलंय हे कळलं तेव्हाच तिनं मला बजावलं होतं, "कंपनीत कुणाला कळू देऊ नको तू माझी लेक हायीस म्हणून. उगं तुझ्या बी मागं लागतील." म्हणून ते काम माझ्याकडं आलं तेव्हा मी गप्प राहिले. पण आतून मला काय आनंद झाला होता! फोटोंचं फोल्डर उघडलं. स्टाफ. पर्मनंट. आणि शेवटी एक, त्याला नाव दिलं होतं 'इतर'. त्यात आई. वेणी नीट घातलेली, मान ताठ, डोळे थेट समोर. त्या सात जणींची नावं कारखान्यानं पाठवलीच नव्हती. मी आईला एकेकीचं नाव विचारलं आणि घातली. पूर्ण नाव, आडनावासकट. आईचं टाइप करताना माझी बोटं थांबली होती. तिचं नाव मी रेशनकार्डाशिवाय कुठं छापलेलं बघितलं नव्हतं.

मीटिंग झाली त्या संध्याकाळी घरी गेले तर आई दारातच. शेजारची काकू पण बसलेली.

"उद्या दिसल ना गं?" आईनं विचारलं.

"दिसेल."

"माझा चांगला आलाय का?"

"चांगला आलाय."

"काकूच्या मोबाइलवर बी दिसल का?"

"दिसेल गं आई, सगळ्यांच्या दिसेल."

काकू म्हणाली, "रविवारी विहारात समद्यांना दाखवू. बारा वर्षं घासलं म्हणावं, उगं न्हाई." आई लाजली. माझी आई लाजली! तिला लाजताना मी कधी बघितलं नव्हतं. मी आत जाऊन नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. जेवताना आई विचारत होती, माझ्या आधी कोण हाय, माझ्या नंतर कोण हाय. मी सांगत होते. प्रत्येक घास गिळताना 'सात वार, सात जणी' ऐकू येत होतं.

सकाळी ऑफिसला पोचले. लीड सर यायचे होते. मी पान उघडलं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना दोन शब्दांत सांगते. वेबसाइटचं पान म्हणजे डब्यात डबे. मोठा डबा बाहेर, छोटे आत. मोठ्याला पॅरेंट म्हणतात. आतल्या फोटोंना फ्लोट केलं, म्हणजे 'डावीकडे सरका आणि ओळीनं उभे राहा' असं सांगितलं, की एक गंमत होते. मोठा डबा त्यांना मोजतच नाही. आत एवढी माणसं उभी, आणि त्याला वाटतं आपण रिकामे. त्याची उंची शून्य होते. चौकट मिटते, रंग जातो, आणि खालचं काळं वर चढतं. आजकाल नव्या पद्धती आहेत, त्यात हे होत नाही. पण कारखान्याची साइट जुन्या साच्यातली, आणि लीड सरांचा हुकूम होता, जुन्याला हात लावायचा नाही.

दुरुस्ती सोपी आहे. शेवटच्या फोटोनंतर एक न दिसणारा तुकडा घालायचा आणि त्याला सांगायचं, क्लिअर बोथ. म्हणजे सगळ्यांच्या खाली जा, शेवटच्या माणसाच्याही खाली, आणि तिथं उभा राहा. तो खाली गेला की मोठ्या डब्याला त्याच्यापर्यंत यावंच लागतं. मग आत आठ असोत की आठशे, डबा सगळ्यांना धरून उभा राहतो. ओव्हरफ्लो हिडन एकटं वापरलं तरी हेच होतं, डबा फोटोंना धरतो. कापतं कधी? त्याच्या जोडीला ठरावीक हाइट दिली की. मग डबा सांगतो, माझी उंची एवढीच, आत मावतील ते माझे, बाकीचे कापले.

मी हाइटचा आकडा लिहून बघितला. आई गेली. सातही गेल्या. वरची ओळ, ऑपरेटर लोकांची, ती शेवटची झाली. फार व्यवस्थित दिसत होतं पान. स्वच्छ, सरळ. कुणाला वाटणारही नाही की खाली अजून कुणी होतं.

आणि तेव्हा मला कळलं की हे मी आयुष्यभर बघत आले आहे. शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांना रंग लावून तयार ठेवायचे आणि नाच बसवताना जागा आमच्याच ओळीपाशी संपायची. सोसायटीत खोली बघायला जायचो, आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. कुणी कधी हाकलून दिलं नाही. नुसती जागा आमच्या वर संपायची. मला वाटायचं नशीब. नशीब नव्हतं. कुणीतरी बसून आकडा टाकत होतं. आणि आज त्या खुर्चीत मी बसले होते, आकडा माझ्या बोटाखाली होता, आणि तो माझ्या आईवर टाकायचा होता.

मी आकडा खोडला. क्लिअर बोथ लिहिलं. पिवळी चौकट खाली उतरली, एकेक ओळ ओलांडत, थेट सातांच्या खाली. काळा पट्टा आपल्या जागी तळाला गेला. पत्ता पण गेला आपल्या जागी. मी पान चढवलं.

थोड्या वेळानं लीड सर पाठीमागे येऊन उभे राहिले.

"झालं?"

"झालं."

"दाखव." मी दाखवलं. "खालची ओळ दिसतेय."

"हो."

"हाइट कुठाय?"

"हाइट दिली नाही, सर. देणार पण नाही."

"म्हणजे?"

मी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेतले. "शेवटच्या ओळीत दुसरी माझी आई आहे," मी म्हणाले.

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. लीड सरांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हा माणूस आता कालच्या हसण्याबद्दल काहीतरी बोलेल. माफी नाही म्हणत मी. पण एखादा शब्द. खाली मान तरी घालेल.

ते खुर्ची ओढून शेजारी बसले. आवाज एकदम मऊ. "अगं वेडे, मग आधी सांगायचं ना. एवढंच होय! आईचा फोटो आपण वर घेऊ. दुसऱ्या ओळीत टाक, कुणाला कळतंय. खिशावरचं नाव पुसून देऊ. साहेबांशी मी बोलतो. बाकीच्या राहू देत."

खरं सांगते, एक क्षण माझं मन गेलं. मला काकूचा मोबाइल दिसला, विहारातल्या बायका दिसल्या, आई लाजताना दिसली. एक फोटो वर उचलायचा. दोन बोटांचं काम. मग मला आईचं बोलणं आठवलं, शेवटलीच्या टायमाला शर्ट पार वल्ला झाला हुता. सहा जणींच्या घामाचा ओला शर्ट घालून ती सातवी फोटोला उभी राहिली. आणि मी आईला तेवढी कोरडी करून वर घेऊ?

आणि दुसरंही आठवलं. मलाही लीड सर अधूनमधून असंच म्हणायचे. "तू त्यांच्यातली वाटत नाहीस हां." मी ते ऐकून गप्प राहायचे. मला वर घेतलं होतं त्यांनी. दुसऱ्या ओळीत.

"सातही राहतील," मी म्हणाले. "नाहीतर माझी आई पण नको तुमच्या परिवारात."

"भावनेच्या भरात बोलू नकोस."

"काल तुम्ही लोकांनी माझ्या आईचा वार ठरवलात, सर. भावना कसली? मी फक्त हाइट देणार नाही म्हणते आहे."

त्यांचा मऊपणा संपला. उठले. "उद्यापासून यायची गरज नाही," म्हणाले. "उद्यापासून कशाला, आत्ताच ऊठ." मी उठले. डबा, बाटली, ओढणी. माझ्या खुर्चीत ते बसले आणि मी दारापर्यंत पोचायच्या आत त्यांनी आकडा टाकला असणार. काल ओढणी धरून हसलेली ती मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं मान खाली घातली. निदान कुणीतरी घातली.

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये कार्यक्रम झाला. ठेक्यावरच्या बायकांना खुर्च्या नव्हत्या, त्या मागे भिंतीला उभ्या होत्या. पान मोठ्या पडद्यावर वरून खाली सरकवलं गेलं. प्रत्येक फोटोला टाळ्या, शिट्ट्या. सुरेशच्या फोटोलाही. ओळी संपत आल्या तशा ह्या सात जणी एकमेकींचे हात धरून पुढे सरकल्या. आणि पान थांबलं. संपलं. लाडू वाटायला घेतले.

हे आईनंच मला सांगितलं, घरी आल्यावर. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं रडेल. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आमच्या वरीच बंद पडलं बघ ते," ती म्हणाली. "तुझं काही चुकलं का गं? असू दे. हुतंय माणसाकडनं. साहेब लई रागावले का तुला?"

मेले मी तिथंच. ती माझी समजूत घालत होती! स्वतःचा फोटो दिसला नाही, आणि तिला काळजी माझ्या चुकीची.

मी सगळं सांगितलं. हाइटचं सांगितलं, लीड सरांनी काय सांगितलं ते, मी काय केलं ते, नोकरी गेली ते. खिशावरच्या नावाला हसले, एवढंही सांगितलं. सात वारांचं सांगितलं नाही. ते मी तिला कधीच सांगणार नाही. पण इथं लिहिते आहे. ज्यांनी म्हटलं त्यांनी वाचावं.

आईनं सगळं ऐकलं. मग एकदम उखडली. "कोण म्हणलं हुतं तुला? मी म्हणलं हुतं का, माझ्या फोटूपायी भांड म्हणून? लागलेली नोकरी लाथाडलीस! फोटू काय खायचा हाय का?" ती ओरडली, मी ओरडले. काकू दारातून बघून गेली. त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटली नाही.

चार दिवसांनी आईला गेटवर अडवलं. लाल पास चालेना. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "तुमचं वरून आलंय." कुणाची लेक हे वर कुणी सांगितलं, ते विचारायची गरज नव्हती. ती डबा तसाच घेऊन परत आली, भरलेला. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. मीच केलं हे, असं मला वाटत होतं, आणि अजूनही अर्धं वाटतं. उरलेलं अर्धं म्हणतं, आकडा टाकणाऱ्यांनी केलं, आणि तेवढं मी धरून आहे.

बरेच दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका दुपारी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, म्हणाली, "तुला म्हणले हुते ना, तुझ्या आईचा वर घेतो म्हणून?"

"हो."

"आन तू न्हाई म्हणालीस."

"हो."

"का?"

"सहा जणी राहिल्या असत्या खाली."

ती तांदूळ निवडत राहिली. खडे बाजूला काढले. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही. आता ती चिखलीत एका वर्कशॉपात जाते. तीच कानस, तसेच पार्ट. नखं तशीच.

पान चढवलं तेव्हाच मोबाइलवर घेतलेली त्याची प्रत माझ्याकडे आहे, सातांची ओळ असलेली. एकदा आईला दाखवली. तिनं फोटो जवळ घेऊन बघितला आणि म्हणाली, "त्यो शर्ट माझा न्हाई ना गं." मोबाइल माझ्या हातात दिला आणि भाकरी थापायला गेली.

मी नोकऱ्या शोधते आहे. मुलाखती देते. आमच्या धंद्यात मुलाखतीला तो प्रश्न ठरलेला असतो, फ्लोट केल्यावर पॅरेंट कोलॅप्स झाला, म्हणजे मोठा डबा मिटला, तर काय कराल. परवा एका ठिकाणी विचारलाच. मी क्लिअर बोथ सांगितलं, बाकीचेही उपाय सांगितले.

समोरचा माणूस म्हणाला, "फिक्स हाइट दिली तर पटकन होईल ना?"

"होईल. पण शेवटची ओळ कापली जाईल."

"क्लायंटला चालत असेल तर?"

"मला चालत नाही."

तो हसला. "एवढं काय आहे त्या शेवटच्या ओळीत?"

तिथं कोण आहे हे मी आता कुणाला सांगत नाही. एकदा सांगून बघितलं. सांगितलं की ते एकीला वर घेतात आणि सहा जणींना कापतात. म्हणून सांगत नाही. हाइट तेवढी देत नाही, आणि देणार नाही.